चूलबंद डिपेंडन्सी

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करा लागत नाही राजेहो. वावरात पऱ्हाटीच्या काड्या पडतात तसे ते आपोआप पडतात. कापूस निघून गेला, वावर मोकळं झालं असं वाटते, अन् मागं वळून पाहावं तं हा भल्ला मोठा ढीग! आता पेटवाच लागते, म्हणून सांगून राह्यलो.

ऑफिस म्हणजे यवतमाळात आर्णी रोडवर टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं चार. एक गावंडे सर, मालक. पन्नाशी ओलांडलेले, दिलदार माणूस. कोणाले अर्धा कप चहा पाजणार नाहीत, पाजला तं भरूनच. दुसरी वैशाली मेश्राम. आमचा सगळा कोड तिनं लिहिला. कमी बोलते, पण बोलली का समोरच्याचा टायर पंक्चर. तिसरा प्रफुल्ल, एसटीनं गावोगाव जाऊन शाळेशाळेत सॉफ्टवेअर बसवणारा. अन् चौथा मी, मध्ये मध्ये बोलणारा.

आमचा माल एकच. 'दाखला' नावाची लायब्ररी. पुस्तकायची नाही! तयार कोडचा डबा म्हणा. इकडून शाळेच्या नोंदी टाका, तिकडून दाखला, बोनाफाईड, ओळखपत्र छापून काढा. आता असा डबा कॉम्प्युटरवर बसवला का तो सांगतो, "मले सोबत अजून हे हे पॅकेज लागतात." याले डिपेंडन्सी म्हणतात. काही पॅकेज असे, का त्यायच्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. काही असे, का असले तं बरं, नसले तं कोणाचं अडत नाही. अन् भांडण इथंच होतं. या 'असले तं बरं' वाल्यायले किती जोरानं बोलवायचं?

तुम्ही म्हणान, हा काय भांडणाचा विषय हाय? आमच्याकडे यावरून सहा महिने चहा थंड झाला. अन् जीव कोणाचा टांगणीले लागला? झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेच्या बारा पोरीयचा! खो-खोची टीम. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेले यवतमाळपर्यंत आल्या अन् मैदानावरून वापस गेल्या. काहून? तं बोनाफाईड हातानं लिहिलेले होते. फोटोसकट प्रिंट पाह्यजे, असा नियम. वेण्या घट्ट बांधून रांगेत उभ्या होत्या बे त्या!

*

पहिल्याच मीटिंगमध्ये सरांनी आम्हाले डिपेंडन्सी समजावली ती लग्नाच्या आवतनावरून! त्यायच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

सर बोर्डासमोर उभे राहून म्हणाले, "आपल्याकडे आवतन तीन तऱ्हेचं. पहिलं चूलबंद. म्हणजे त्या घरची चूल त्या दिवशी पेटलीच नाही पाह्यजे. लहान-मोठे सगळे आपल्याकडे जेवाले. दुसरं, घरटी एक. घरातून एक माणूस आला का भागलं. तिसरं, बाजारात भेटला तं सांगतलं, 'येजा बावा लग्नाले.' आला तं आला."

वैशाली खुश! "सर, एकदम बरोबर. ज्याच्याशिवाय चालतच नाही तेवढंच चूलबंद. बाकीचं घरटी एक. अन् उरलेलं बाजारातलं."

"चूक!" सरांनी डस्टर आपटला. "बोलवायचं तं चूलबंदच! बाजारातल्या आवतनाले कोणी येते का? गावंडेच्या घरून आजपर्यंत कोणाले घरटी एक गेलं नाही!"

"सर, पण पॅकेज एकटं येत नाही. आपलं खटलं सोबत आणते. त्याले जे लागते ते, मंग त्याले जे लागते ते..."

"येऊ दे! गावंडे घाबरत नाही!"

प्रफुल्ल मागून हळूच म्हणे, "सर, मले आवतन द्याच्या आधी एकदा विचारून घेजा. माह्या घरी अकरा जण हाय."

*

सुरुवातीले वैशालीनं आपलंच खरं केलं. एवढासा चिमूटभर डबा बनवला. फोटोचं पॅकेज, नकाशाचं, ईमेलचं, बोलणाऱ्या आवाजाचं, सगळं 'बाजारात भेटला तं'. अन् त्या गर्दीत मराठी फॉन्टही गेला! तिले वाटलं, मराठी फॉन्ट तं कोणत्याही कॉम्प्युटरवर असतेच.

नेरच्या एका शाळेत नव्हता.

तिथल्या बाबूचा फोन आला. "मॅडम, दाखले निघाले. अक्षरं नाही निघाले."

"म्हणजे?"

"चौकोन निघाले. नावाच्या जागी चौकोन, गावाच्या जागी चौकोन. वर्तणुकीच्या रकान्यातही चौकोन. आता पोरगं चांगलं होतं का वांड होतं, थे तुम्हीच सांगा."

वैशालीचा चेहरा उतरला. "किती छापले?"

"चाळीस. वाटूनही टाकले."

"वाटले? मंग कोणी वापस नाही आणला?"

"नाही जी! एका बापाले मीच म्हणलं, बदलून देतो. तं थो म्हणे, 'सिक्का निळा हाय ना? मंग राहू द्या, कॉम्प्युटरची भाषा असन!'"

वैशालीनं फोन ठेवला. सरळ उठून सरांच्या टेबलापाशी गेली. "फॉन्ट ही माही चूक. फॉन्टले बाजारात आवतन देऊन चालत नाही. त्याले चूलबंदच पाह्यजे."

सरांनी हेच पकडलं! "पाह्यलं? आता सगळ्यायलेच चूलबंद! अन् आजपासून नवीन व्हर्जन माह्या मंजुरीशिवाय बाहेर जाणार नाही." मंजूरचं बटण त्यायनं स्वतःच्या मोबाईलात घेतलं.

एक फॉन्ट चुकला, अन् पूर्ण गावाले आवतन गेलं!

*

सरांचं व्हर्जन निघालं ते अडीच जीबीचं. चार ओळीचं बोनाफाईड छापाले अडीच जीबी! त्यात जगाचा नकाशा होता, ईमेल होती, अंगठ्याची मशीन ओळखणारं पॅकेज होतं, अन् छापलेलं वाचून दाखवणारा एक आवाज होता.

हे पहिल्यांदा बसलं मारेगावच्या एका शाळेत. तिथं कॉम्प्युटर अन् मैदानातले भोंगे एकाच बोर्डाले जोडलेले. हे प्रफुल्लले कोणी सांगतलं नाही.

सकाळची प्रार्थना झाली. पोरं डोळे मिटून मौन पाळून उभे. अन् तेवढ्यात ऑफिसात बाबूनं पहिलं बोनाफाईड काढलं. अख्ख्या मैदानात बाईचा आवाज घुमला, "प्रमाणित करण्यात येते की..." तोही अशा सुरात, का जसं तिचं मराठी कालच सुरू झालं! मंग पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, अंगावरची खूण. उजव्या गालावर तीळ!

त्या पोराकडे साडेतीनशे पोरं वळून पाहून राह्यले. तीळ शोधून राह्यले.

हेडमास्तरचा सरांले फोन. "साहेब, हे बोलणं बंद करा."

सर म्हणाले, "अहो, फीचर हाय ते! दुसरीकडे वेगळे पैसे घेतात!"

"असन. पण आमच्या शाळेत बोलाले माणसं भरपूर हाय, काम कराले कॉम्प्युटर घेतला!"

*

मंग वैशालीनं तिसरं व्हर्जन लिहिलं. या वेळी डोकं शांत ठेवून. फॉन्ट चूलबंद, म्हणजे लागतेच. फोटोचं पॅकेज घरटी एक, म्हणजे आपोआप येईन, पण कोणाले नको असन तं काढता येईन. नकाशा, ईमेल, अंगठा अन् ती बाई, सगळे बाजारातले. डबा झाला साठ एमबीचा. तिनं मंजुरीले पाठवला.

सरांनी मीटिंग बोलावली. मीटिंगले तर्री-पोहे.

हॉटेलवाल्या काकानं स्वतः आणून ठेवले. वैशाली म्हणे, "काका, माह्या पोह्यावर तर्री नको."

"काहून नको?" सर म्हणाले. "पोहे म्हणले का तर्री आलीच!"

"सर, मले ॲसिडिटी हाय. पोहे लागतेच. तर्री ज्याले पाह्यजे त्यानं घ्यावी."

"अन् उद्या कोणी म्हणलं, गावंडेनं कोरडे पोहे चारले, मंग?"

"सर, तर्रीचं भांडं टेबलावरच हाय ना! कोणाले दिसत नाही का?"

"दिसलं तरी माणूस लाजते. हातानं घेत नाही. त्याच्या ताटात वाढाच लागते!"

अन् इथं, खरं सांगतो, सरांचं बिलकुलच चूक नव्हतं. ठेवलेलं कोणी उचलून घेत नाही, हे नेरच्या फॉन्टनं दाखवलं होतं. पण तोपर्यंत सरांनी बोलता बोलता वैशालीच्या प्लेटमध्ये पळीभर तर्री ओतली होती.

वैशालीनं प्लेटकडे पाह्यलं. प्लेट माह्याकडे सरकवली. म्हणे, "पाहा, मी इन्स्टॉलच नाही झाली."

मंजुरी मिळाली नाही. पोहे मी खाल्ले.

*

आता झरी.

तिथले आत्राम गुरुजी म्हणजे आश्रमशाळेचे खेळाचे मास्तर अन् हॉस्टेलचे अधीक्षकही. ते स्वतः मुलायसोबत हॉस्टेलातच राहतात, मेसमध्येच जेवतात. शाळेचा कॉम्प्युटर जुना, डिस्कवर जागा चारशे एमबी. नेटवर्क येते ते पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर. सहावीवर नाही, आठवीवर नाही.

प्रफुल्ल तिथं तीन चकरा मारून आला. पांढरकवड्यापर्यंत एक एसटी, तिथून दुसरी, मंग कोणाची तरी गाडी. पहिल्या चकरेत टाकीवर बसून डाउनलोड लावलं, दुपारी एका माकडानं फोन उचलला. दुसऱ्या चकरेत पेन ड्राइव्ह नेला, तं डिस्क भरली. तिसऱ्या चकरेत त्यानं गुरुजीले म्हणलं, "काहीतरी डिलीट करा लागन."

गुरुजी म्हणे, "काय काय हाय त्यात?"

"पोरीयचे फोटो, जन्मतारखा, नोंदी."

"अन् तुमचं जे येऊन राह्यलं, त्यात काय हाय?"

प्रफुल्ल म्हणे, "जगाचा नकाशा हाय."

गुरुजीनं थोडा विचार केला. म्हणे, "प्रफुल्लभाऊ, पोरीयले यवतमाळचा रस्ता माहीत हाय. मागच्या वर्षी जाऊन वापस आल्या."

प्रफुल्ल गुरुजीले घेऊन सरळ टाकीवर चढला. त्यानं टाकीच्या सातव्या पायरीवरून सरांले फोन लावून दिला. आम्ही इकडं स्पीकरवर ऐकून राह्यलो.

"सर, आत्राम बोलतो. स्पर्धेले आठ दिवस राह्यले. दोन वाजेपर्यंत कागद जमा करा लागते, तीनले मॅच हाय. ह्या वर्षी पोरी वापस नाही आल्या पाह्यजे सर. कॅप्टन दहावीले हाय, तिचं हे शेवटचं वर्ष."

सर एकदम नरम पडले. "गुरुजी, होते! मी स्वतः पाहतो. तारीख कोणती?"

गुरुजीनं सांगतली.

"अरे! त्याच दिवशी तं माह्या पोरीचं लग्न हाय! बाराले, आर्णी रोडलेच. मंग तं झालंच! तुमी लग्नाले या, कॉम्प्युटरही घेऊन या, तिथंच करून देतो. अन् जेवण करूनच जा!"

"येतो सर."

"नुसतं येतो नाही. चूलबंद आवतन हाय बरं का!"

गुरुजीनं विचारलं, "चूलबंद?"

"चूलबंद! गावंडेच्या घरून दुसरं जातच नाही!"

प्रफुल्लनं मंग आम्हाले सांगतलं. म्हणे, गुरुजीनं फोन कानाले तसाच धरला, अन् टाकीवरून मागं वळून पाह्यलं. मागं मेसचं धुराडं होतं. धूर निघून राह्यला होता.

"बरं सर," गुरुजी म्हणे. "तुमी एवढं म्हणता तं."

*

लग्नाचा दिवस. मुहूर्त बाराचा, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. अक्षता पडल्या, डीजे सुरू, पहिली पंगत बसाच्या बेतात. वऱ्हाडी मंडळी हात धुऊन उभी. अन् मंगल कार्यालयाच्या फाटकातून दोन मेटॅडोर आत आले.

पहिल्यातून गुरुजी उतरले. हातात गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, जसं काही बाळंतिणीचं बाळ! मंग पोरं उतरले. अजून उतरले. निळ्या गणवेशात, रांगेनं, अन् प्रत्येकाच्या हातात आपापलं स्टीलचं ताट अन् गिलास! बारा खो-खोच्या पोरी, त्यायच्या मागं अख्खं हॉस्टेल. त्यायच्या मागं मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या दोन बाया. त्यायच्या मागं चौकीदार. अन् चौकीदाराच्या मागं एक म्हातारी.

"ह्या कोण?" मी चौकीदाराले विचारलं.

"सासू हाय माही. पाव्हणी आलती. मेस बंद, मंग थिले कुठं ठेवू?"

सर फेटा सावरत धावत आले. रांग पाह्यली. रांग पार फाटकापर्यंत. "गुरुजी... हे..."

गुरुजीनं कॉम्प्युटर सांभाळत मान लववली. "सर, तुमी चूलबंद म्हणलं. आमची चूल एकच हाय, हॉस्टेलची. सकाळपासून पेटवली नाही."

बाजूले सरांचे व्याही उभे होते. त्यायनं प्रफुल्लले विचारलं, "हे कोणाकडचे?"

प्रफुल्ल म्हणे, "डिपेंडन्सी हाय."

सरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, मात्र पक्क्या! पुढं येऊन म्हणाल्या, "पाहता काय? लेकरायले आधी बसवा! सकाळपासून उपाशी हाय!" अन् पहिली पंगत हॉस्टेलची बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. वऱ्हाडी मंडळी धुतलेले हात हवेत धरून उभी राह्यली.

इकडं वैशालीले वेळ नव्हता. पावणेएक झाला होता. प्लग कुठंच मोकळा नाही, म्हणून तिनं डीजेची पिन काढली अन् कॉम्प्युटरची लावली. नाचणाऱ्यायचे पाय हवेतच राह्यले! प्रफुल्ल गाडीवर ऑफिसातून प्रिंटर घेऊन आला. वैशालीनं डिस्क पाह्यली. चारशे एमबी. सरांचं व्हर्जन बसत नाही. तिचं बसते, पण मंजूर नाही. अन् मंजूरचं बटण सरांच्या खिशात, सर स्टेजवर, अन् स्टेजवर फोटोची लाईन.

ती लाईनीत उभी राह्यली. पुढं आठ जण. एक-एक आहेर, एक-एक फोटो. तिचा नंबर आला तं ती नवरा-नवरीकडे गेलीच नाही, सरळ सरांसमोर. हातात लॅपटॉप.

"वैशाली, आत्ता?"

"आत्ताच सर. दोनले कागद जमा करायचे हाय."

सरांनी स्टेजवरून खाली पाह्यलं. खाली चौकीदाराच्या सासूले प्रफुल्ल तिसऱ्यांदा बुंदी वाढून राह्यला होता. पलीकडे व्याही उभे. भाताचं रिकामं पातेलं वाजून राह्यलं होतं. आचारी सरांकडे पाहून दोन्ही हात हलवून दाखवत होता.

सर वैशालीले इतकंच म्हणाले, "फॉन्ट चूलबंद हाय ना?"

"हाय सर."

"फोटो?"

"घरटी एक."

"अन् बाकीचे?"

"बाजारातले सर."

सरांनी खिशातून मोबाईल काढला. बोटाले अक्षतांचं कुंकू लागलं होतं, पहिल्यांदा बटण दाबलंच गेलं नाही. धोतराले बोट पुसलं अन् पुन्हा दाबलं. फोटोग्राफर म्हणे, "सर, इकडं पाहा!" तो फोटो अल्बममध्ये हाय. नवरा-नवरी एकीकडे पाहून राह्यले, सर मोबाईलात, अन् वैशाली पूर्ण लग्नात पहिल्यांदा हसून राह्यली.

साठ एमबी. वांग्याची भाजी दुसऱ्यांदा फिरेपर्यंत बसलं सुद्धा! प्रिंटर घरघरला, पहिलं बोनाफाईड बाहेर आलं. कॅप्टननं ते हातात घेतलं. फोटो पाह्यला, नाव बोट ठेवून वाचलं, मंग मागं-पुढं करून पाह्यलं. म्हणे, "मॅडम, हे हातानं लिहिलेलं नाही ना?"

"नाही गं बाई."

"मंग पळतो!" अन् उरलेले अकरा निघाल्याबरोबर बाराच्या बारा, मागं गुरुजी, ताटं तिथंच ठेवून फाटकाकडे पळाल्या. अजून मॅच सुरू व्हायची होती बे!

वऱ्हाडी मंडळीची पंगत बसली तीनले. नवा भात लावा लागला. सर कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले, फेटा मांडीवर. आम्ही तिघं बाजूले उभे.

सरांचा फोन वाजला. गुरुजी! सरांनी स्पीकर लावला. मागं शिट्ट्या, आरडाओरडा, टाळ्या.

"सर, कागद पास झाले! पोरी मैदानात उतरल्या! तुमी पाहाले या सर, आत्ता या!"

सर ताडकन उठले. फेटा खाली पडला. "येतो गुरुजी! आत्ता निघतो! सगळे येतो!"

तिकडून शिट्टी वाजली. मंग गुरुजी हळू आवाजात म्हणे,

"सर... घरटी एकच या बरं."